रॉथशिल्ड : घरावरच्या लाल पाटीवरून पडलेलं आडनाव, ज्याच्यावर आजही फॉरवर्ड फिरतायत

फॅमिली ग्रुपवर दर दोन-चार महिन्यांनी एक लांबलचक मेसेज येऊन पडतो. जगातल्या सगळ्या बँका एकाच घराण्याच्या मालकीच्या आहेत. सगळी युद्धं तेच घराणं लावतं. त्यांच्याकडे 500 ट्रिलियन डॉलर आहेत. आणि या घराण्याचं खरं आडनाव भलतंच आहे, ओळख लपवायला त्यांनी ते बदललं. शेवटी अर्थातच, 'जास्तीत जास्त शेअर करा'.

घराण्याचं नाव, रॉथशिल्ड.

यातला पैशाचा हिशोब आधी उरकलेला बरा. 2021 साल संपताना जगातल्या सगळ्या माणसांची मिळून संपत्ती किती, याचा क्रेडिट स्विस बँकेच्या अहवालातला अंदाज होता साधारण 463 ट्रिलियन डॉलर. म्हणजे मेसेज खरा मानायचा तर अंबानींपासून ते सोसायटीच्या वॉचमनपर्यंत पृथ्वीवरच्या सगळ्यांचे खिसे रिकामे केले तरी एका घराण्याची बरोबरी होत नाही. आणि 'सगळ्या बँका' म्हटल्यावर आपली रिझर्व्ह बँकही आलीच की. तिची पूर्ण मालकी 1 जानेवारी 1949 पासून भारत सरकारकडे आहे.

पण आडनाव बदलल्याची गोष्ट मात्र एका वाक्यात झटकून टाकण्यासारखी नाही. कारण हे आडनाव आलं कुठून, याची खरी गोष्ट त्या फॉरवर्डपेक्षा कितीतरी भारी आहे. ती सुरू होते जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरातल्या एका कोंदट गल्लीत.

तर मुळात जर्मन आडनावांचा मामला काय आहे, ते थोडक्यात बघायला लागेल.

बाराव्या शतकाच्या आसपास जर्मन भाषेच्या मुलखातली शहरं फुगायला लागली. एकाच गल्लीत चार-चार योहान आणि सहा-सहा हाइनरिश राहायला लागले. मग कर वसूल करणाऱ्या कारकुनाला प्रश्न पडला, यातला नेमका कुठला? त्यातून टोपणनावं चिकटली आणि पुढं तीच बापाकडून पोराकडे जायला लागली. कुणी धंद्यावरून ओळखला जायचा. श्मिट म्हणजे लोहार, श्नायडर म्हणजे शिंपी, फिशर म्हणजे मासेमार. आज जर्मनीत सगळ्यात जास्त सापडणारं आडनाव आहे म्युलर, म्हणजे धान्य दळणारा, गिरणीवाला. ज्यांच्या नावानं पुण्या-मुंबईत जर्मन शिकायला लोक 'मॅक्स म्युलर भवन'मध्ये जातात, त्या ऋग्वेदाच्या अभ्यासक पंडितांचं आडनाव हेच. कुणी दिसण्यावरून ओळखला जायचा, जसं क्लाइन म्हणजे लहानखुरा, श्वार्त्स म्हणजे काळा. कुणी गावावरून, जसं ओपेनहाइम गावचा तो ओपेनहाइमर. काळे, गोरे, सुतार, सोलापूरकर अशी आडनावं ज्यांच्या वर्गात होती, त्यांना यात नवल वाटायचं कारण नाही.

ज्यू लोकांचं मात्र वेगळं होतं. त्यांच्यात अमक्याचा मुलगा तमका, एवढ्यावर भागायचं. आयझॅकचा मुलगा मोझेस, मोझेसचा मुलगा आयझॅक. दर पिढीला मागचं नाव बदलायचं. धर्मविधींना तेवढं पुरेसं होतं आणि सरकारला त्यांच्या आडनावात रस नव्हता, त्यांच्याकडून मिळणाऱ्या करात होता.

आता फ्रँकफर्ट.

या शहराच्या नगरपालिकेनं 1462 साली तिथल्या ज्यूंना त्यांच्या राहत्या घरांमधून उठवलं आणि शहराच्या जुन्या तटबंदीला लागून असलेल्या एका पट्टीत नेऊन कोंबलं. तिचं नाव युडेनगासं, म्हणजे ज्यूंची गल्ली. लांबी साधारण 330 मीटर. रुंदी जेमतेम तीन-चार मीटर. दोन्ही बाजूंना भिंती, येण्या-जाण्याला तीन दरवाजे. ते दरवाजे रात्री बंद व्हायचे, रविवारी बंद राहायचे, ख्रिश्चन सणांना बंद राहायचे.

सुरुवातीला इथं शंभरेक माणसं होती. पुढं तीन हजारांवर गेली. गल्ली मात्र एक फूटही वाढवून मिळाली नाही. मग घरं वरवर चढत गेली, एका घराचे दोन झाले, दोनाचे चार झाले, मागच्या अंगणात घरं उभी राहिली. उजेड खाली पोचेना. याच शहरात 1749 साली जन्मलेल्या गटे या महाकवीनं लहानपणी पाहिलेल्या या गल्लीबद्दल आत्मचरित्रात लिहिलंय. तिथली दाटी आणि घाण त्याच्या डोक्यातून गेली नव्हती.

नियम तर विचारू नका. जमीन घ्यायची नाही, शेती करायची नाही, कारागिरांच्या संघटनांमध्ये शिरायचं नाही. 1616 सालच्या नियमावलीनं ज्यू कुटुंबांची संख्या 500 वर गोठवली आणि वर्षाला फक्त 12 लग्नांना परवानगी ठेवली. बारा! अख्ख्या गल्लीत मिळून. त्याआधी दोनच वर्षं, 1614 मध्ये, विन्सेन्ट फेटमिल्श नावाच्या बेकरीवाल्यानं जमाव घेऊन ही गल्ली लुटली होती आणि ज्यूंना शहराबाहेर हाकललं होतं. सम्राटानं त्यांना परत आणलं आणि फेटमिल्शचं मुंडकं उडवलं. (फेटमिल्श या आडनावाचा शब्दशः अर्थ होतो साईचं घट्ट दूध. आडनावावरून माणूस ओळखायला जाऊ नये, ते यासाठी.)

असो. मुद्दा घरांचा.

त्या काळी घरांना नंबर नव्हते. फ्रँकफर्टमध्ये घरांना नावं असायची आणि दारावर त्या नावाची पाटी किंवा चित्र लावलेलं असायचं. कुणाच्या घरावर गरुड, कुणाच्या घरावर कोंबडा, कुणाच्या घरावर जहाज, कुणाच्या ड्रॅगन. पत्ता सांगायचा तर 'गरुडाच्या घरात' असा सांगायचा. आणि माणूस सांगायचा तर 'गरुडाच्या घरातला आयझॅक'. बोलता बोलता मधलं 'च्या घरातला' गळून पडलं. राहिला आयझॅक गरुड.

हा नुसता अंदाज नाही. फ्रँकफर्टच्या बाटोनश्ट्रासं रस्त्यावर ज्यूंचं जुनं कब्रस्तान आहे. तिथल्या थडग्यांच्या दगडांवर ही घरांची चिन्हं कोरलेली आजही दिसतात. माणूस मेला तरी घराची पाटी त्याच्या उशाशी राहिली.

याच गल्लीत सोळाव्या शतकात, 1560 च्या दशकात, आयझॅक एल्खानन नावाच्या माणसाचं घर उभं राहिलं. त्यावर पाटी होती लाल. जर्मनमध्ये त्या घराचं नाव 'त्सुम रोटेन शिल्ड'. रोट म्हणजे लाल, जुन्या स्पेलिंगमध्ये त्याला एक 'एच' जोडलेला असायचा. शिल्ड म्हणजे ढाल, आणि शिल्ड म्हणजे पाटीसुद्धा. दोन्ही अर्थ एकाच शब्दात. तर लाल ढालीच्या घरातली ही माणसं, लाल पाटीवाली माणसं. रोट-शिल्ड.

इंग्रज लोकांनी हे स्पेलिंग चुकीच्या जागी तोडलं आणि 'रॉथ्स-चाइल्ड' असा उच्चार करून ठेवला. त्यामुळं ही कुणा रॉथची लेकरं असावीत असं वाटतं. तसं काही नाही. जर्मनमध्ये तो उच्चार रोटशिल्ड, मराठीत आपण रॉथशिल्ड म्हणतो ते बरंच जवळचं आहे.

आता खरी गंमत पुढं आहे. सतराव्या शतकात आयझॅकचे वंशज लाल पाटीचं घर सोडून त्याच गल्लीतल्या दुसऱ्या घरात राहायला गेले. त्या घराचं नाव हिंटरफान, म्हणजे 'मागची कढई' म्हणावं असं काहीतरी. गल्लीच्या रिवाजानं आता त्यांना कढईवाले म्हणायला हवं होतं. पण तोवर लोकांच्या तोंडी लाल पाटी इतकी बसली होती की घर बदललं, नाव बदललं नाही. घराची पाटी आडनाव झाली ती इथं.

याच कढईच्या घरात 23 फेब्रुवारी 1744 ला मायर आम्शेल रॉथशिल्डचा जन्म झाला. बँकेचा संस्थापक तो हाच.

फॉरवर्ड नेमका इथं घोळ घालतो. त्यात म्हटलेलं असतं की मायरचं खरं आडनाव 'बाउअर' होतं, त्यानं दुकानावर लाल पाटी लावली आणि गूढ अर्थानं 'रॉथशिल्ड' हे नाव घेतलं. काही मेसेज तर ती लाल पाटी थेट रशियातल्या लाल क्रांतीला नेऊन जोडतात. आता तारखा बघा. लाल पाटीचं घर 1560 च्या दशकातलं. मायर जन्मला 1744 मध्ये. त्याच्या जन्माआधी पाऊणशे-ऐंशी वर्षं त्याच्या घरच्यांनी ते घर सोडलेलंही होतं. जे नाव पणजोबांच्या काळापासून चालत आलं, ते पणतवानं गुप्त हेतूनं शोधून काढलं म्हणणं म्हणजे कमालच आहे. त्या गल्लीत आडनावं पक्की नसायची, एकाच माणसाला दोन कागदांवर दोन नावांनी ओळखलं जाणं नेहमीचं होतं. पण त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. पत्ता बदलला की ओळख बदलायची, इतकंच.

मायरचे आईवडील तो बारा वर्षांचा होईपर्यंत गेले. त्याला रब्बी करायचं म्हणून फ्युर्थ गावच्या धर्मशाळेत घातलं होतं, ते राहिलं. हॅनोव्हरला ओपेनहाइम यांच्या पेढीवर तो उमेदवारी करायला गेला आणि विशीत फ्रँकफर्टला परतला. धंदा काय, तर जुनी दुर्मिळ नाणी विकणं. गिऱ्हाईक कोण, तर हेसंचा राजपुत्र विल्हेल्म, ज्याला नाण्यांचा नाद होता. 1769 मध्ये मायरला राजपुत्राचा दरबारी पुरवठादार अशी पाटी दुकानावर लावायची परवानगी मिळाली. पुन्हा पाटीच.

पुढच्या वर्षी त्यानं गुटलं श्नापर हिच्याशी लग्न केलं. दोघांची दहा मुलं जगली, पाच मुलगे आणि पाच मुली. पैसा हातात खेळायला लागल्यावर 1780 च्या दशकात मायरनं गल्लीतच एक बरं घर घेतलं. त्या घराच्या पाटीचा रंग कोणता असेल? हिरवा. घराचं नावच 'हिरवी ढाल'. म्हणजे रीतसर बघायला गेलं तर जगातलं सगळ्यात प्रसिद्ध बँकर घराणं आज 'ग्र्युनशिल्ड' असायला हवं होतं.

हिरव्या ढालीच्या त्या जोडघराच्या दुसऱ्या अर्ध्या भागाचं नाव होतं 'शिफ', म्हणजे जहाज. त्यात शिफ आडनावाचं कुटुंब राहायचं. पुढं अमेरिकेत गेलेला बडा बँकर जेकब शिफ याच कुटुंबातला. एका भिंतीच्या दोन बाजूंना राहणारी दोन शेजारी घरं, आणि दोघांची आडनावं दारावरच्या चित्रांवरून.

अशी आणखी नावं या गल्लीतून जगभर गेली. आडलर म्हणजे गरुड. श्ट्राउस म्हणजे शहामृग. आणि श्वार्त्सशिल्ड, म्हणजे काळी ढाल. फ्रँकफर्टमध्ये 1873 साली जन्मलेला कार्ल श्वार्त्सशिल्ड हा खगोलशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्यात होता. आघाडीवर असताना त्यानं आइन्स्टाइनची नवीकोरी समीकरणं सोडवून दाखवली आणि मे 1916 मध्ये आजारानं गेला. त्याच्या उत्तरातून जे निघालं त्याला पन्नासेक वर्षांनी नाव मिळालं 'ब्लॅक होल', कृष्णविवर. काळ्या पाटीवाल्याच्या हाती काळं विवर लागावं, हा निव्वळ योगायोग. पण आहे भारी.

लाल पाटीवाल्यांकडे परत येऊ.

मायरचे पाच मुलगे पुढं पाच ठिकाणी बसले. थोरला आम्शेल फ्रँकफर्टला राहिला. सालोमन व्हिएन्नाला, नाथन आधी मँचेस्टरला कापडाच्या धंद्यात आणि मग लंडनला, कार्ल नेपल्सला, धाकटा जेम्स पॅरिसला. नेपोलियनच्या लढायांनी युरोप पेटलेला असताना सोनं आणि हुंड्या एका देशातून दुसऱ्या देशात हलवणं हे सगळ्यात अवघड काम होतं, आणि वेगवेगळ्या शहरांमध्ये सख्खे भाऊ असणं ही त्यातली सगळ्यात मोठी सोय. 1814 मध्ये ब्रिटिश सरकारनं वेलिंग्टनच्या सैन्यापर्यंत पगाराचं सोनं पोचवायचं काम नाथनला दिलं. घराण्याचं नाव खऱ्या अर्थानं मोठं झालं ते तिथून.

मायर मात्र ते बघायला नव्हता. 1812 च्या सप्टेंबरमध्ये तो गेला. मृत्युपत्रात त्यानं पेढी फक्त मुलांना आणि त्यांच्या मुलांना ठेवली. पाचही मुली आणि जावई यांना पेढीच्या कारभारात वाटा तर नाहीच, हिशोबाच्या वह्या बघायचाही हक्क नाही. आडनाव आणि पेढी एकाच धाग्यात बांधली गेली. पुढच्या पिढ्यांनी तो धागा सुटू नये म्हणून चुलत्या-चुलत्यांत आणि काका-पुतण्यांत लग्नं लावली. ज्या गल्लीनं वर्षाला बारा लग्नांची परवानगी दिली होती, तिथून बाहेर पडून यांनी स्वतःच स्वतःभोवती भिंत बांधली, असं म्हणायला जागा आहे.

1817 मध्ये ऑस्ट्रियाच्या सम्राटानं भावांना सरदारकी दिली, 1822 मध्ये बॅरन केलं. मानचिन्ह तयार झालं. त्यात मुठीत धरलेले पाच बाण, पाच भावांचे. आणि मधोमध एक छोटी लाल ढाल. पाटीची खरोखरची ढाल झाली.

आई गुटलं मात्र शेवटपर्यंत गल्लीतलं ते हिरव्या ढालीचं घर सोडून गेली नाही. पोरांचे पॅरिस आणि व्हिएन्नात महाल झाले, राजे-महाराजे उधारीला दारात उभे राहायला लागले, ही बाई त्याच अंधाऱ्या घरात 1849 मध्ये, वयाच्या 95 व्या वर्षी गेली.

दरम्यान बाकीच्या ज्यूंचं काय झालं? त्यांना आडनाव घ्या म्हणून सरकारनंच हुकूम काढले. ऑस्ट्रियाच्या जोसेफ दुसऱ्यानं 1787 मध्ये, नेपोलियननं 1808 मध्ये, प्रशियानं 1812 मध्ये. कारण सैन्यभरती, कर आणि नोंदी. लाखो लोकांना बसल्या जागी आडनाव ठरवायला लागलं. कुणी गावाचं घेतलं. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झालेले हेन्री किसिंजर यांच्या पूर्वजांनी 1817 मध्ये बाड किसिंगन गावावरून आडनाव घेतलं ते याच लाटेत. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंची पेणकर, रोहेकर, केहिमकर ही आडनावंही गावावरूनच पडली. फरक इतकाच की पेण-रोह्याला त्यांच्याभोवती कुणी भिंत बांधली नव्हती, ते गावातच तेल गाळत आणि शेती करत राहिले.

आणि कुणी रॉथशिल्ड हेही आडनाव घेतलं. किंवा त्यांचे पूर्वज लाल पाटीच्या घरात कधीकाळी राहिले म्हणून त्यांना ते चिकटलं. हेसं भागातल्या खेड्यापाड्यांत गुरांचे व्यापारी, छोटे दुकानदार असे रॉथशिल्ड होते, ज्यांचा बँकेशी काही संबंध नव्हता. हे लक्षात ठेवणं गरजेचं आहे, कारण पुढं जे घडलं त्यात हा फरक कुणी विचारला नाही.

वॉटर्लूची थाप

या आडनावावरचा पहिला मोठा 'फॉरवर्ड' 1846 चा आहे. त्या वर्षी उत्तर फ्रान्समध्ये जेम्स रॉथशिल्डच्या रेल्वे कंपनीची गाडी रुळावरून घसरून लोक मेले. राग होताच. त्यावर झॉर्झ दार्न्व्हेल नावाच्या पत्रकारानं 'सैतान' या टोपणनावानं एक पुस्तिका छापली. त्यात गोष्ट होती की 18 जून 1815 ला नाथन रॉथशिल्ड स्वतः वॉटर्लूच्या रणांगणावर हजर होता, नेपोलियन हरल्याचं बघून तो घोडा दामटत किनाऱ्यावर आला, वादळात समुद्र ओलांडून लंडनला पोचला आणि बातमी फुटायच्या आत शेअर बाजारात करोडो कमावले.

नाथन त्या दिवशी वॉटर्लूला नव्हता, लंडनला होता. पुस्तिका निघाली तेव्हा त्याला मरून दहा वर्षं झालेली होती, त्यामुळं खुलासा करायला तो नव्हता. इतिहासकार नायल फर्ग्युसन यांनी घराण्याच्या कागदपत्रांवरून मांडलंय ते तर उलटंच. लढाई लांबेल या हिशोबानं नाथननं सोनं घेऊन ठेवलं होतं आणि युद्ध झटक्यात संपल्यामुळं तो अडचणीत आला होता. पण घोडा, वादळ आणि शेअर बाजार ही मिसळ इतकी चटकदार होती की लोकांनी ती उचलली. आजही यूट्यूबवर ती जशीच्या तशी मिळते.

1940 मध्ये नाझींनी तिच्यावर सिनेमा काढला, 'डी रॉथशिल्ड्स'. प्रचारमंत्री गोबेल्सच्या खात्याच्या देखरेखीखाली. तोवर खऱ्या रॉथशिल्डांचं काय झालं होतं, ते वेगळंच. 1938 च्या मार्चमध्ये हिटलरनं ऑस्ट्रिया गिळल्यावर व्हिएन्नाच्या लुई रॉथशिल्डला गेस्टापोनं उचललं आणि वर्षभर डांबून ठेवलं. मालमत्ता लिहून घेतल्यावरच तो सुटला. फ्रान्समधल्या घराण्याची सून एलिझाबेथ 1945 मध्ये राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत मेली. जगावर राज्य करणाऱ्या घराण्याला आपली सून सोडवता आली नाही, हे फॉरवर्डमध्ये कधी येत नाही.

आणि नावाचं म्हणाल तर नाझींनी तिथंही हात घातला. ऑगस्ट 1938 मध्ये हुकूम निघाला की ज्यांची नावं ऐकून ज्यू असल्याचं कळत नाही, अशा प्रत्येक ज्यू पुरुषानं नावात 'इस्राएल' आणि प्रत्येक बाईनं 'सारा' जोडायचं. 1 जानेवारी 1939 पासून सक्ती. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी सरकारनं ज्यांना आडनावं घ्यायला लावली होती, त्यांना ओळखू येईना म्हणून आता नवीन शिक्का.

पिसू, प्लेग आणि मुंबई

या आडनावाचा आपल्याकडच्या इतिहासाशी एक संबंध आहे, आणि तो बँकेचा नाही.

1896 मध्ये मुंबईत प्लेग आला, 1897 मध्ये पुण्यात. रँडचा बंदोबस्त, घराघरांत घुसणारे सोल्जर, 22 जूनची रात्र आणि चापेकर बंधू हे सगळ्यांना माहीत आहे. पण प्लेग नेमका पसरतो कसा, हे तेव्हा कुणालाच पक्कं माहीत नव्हतं. 1898 मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं कराचीत प्रयोग करून दाखवलं की उंदराच्या अंगावरची पिसू तो नेते. लोक हसले. कुठली पिसू, हेही ठरायचं होतं.

लंडनच्या रॉथशिल्ड पेढीत चार्ल्स रॉथशिल्ड नावाचा एक भागीदार होता. नाथनचा पणतू. बँकेत बसायचा, पण जीव किड्यांत अडकलेला. विशेषतः पिसवांत. 1901 मध्ये सुदानमधल्या शेंडी गावाजवळ त्याला उंदरावरची एक पिसू सापडली. 1903 मध्ये त्यानं तिचं शास्त्रीय वर्णन छापलं आणि पिरॅमिड बांधणाऱ्या चिओप्स राजावरून तिला नाव दिलं. आज ती ओळखली जाते झेनोप्सिला चिओपिस म्हणून, आणि शास्त्राच्या रिवाजाप्रमाणे तिच्या नावापुढं लिहिलेलं असतं 'रॉथशिल्ड, 1903'. दोनच वर्षांनी मुंबईत प्लेग कमिशनचं काम सुरू झालं आणि तिथल्या प्रयोगांनी शिक्कामोर्तब केलं. मुंबईच्या चाळींमध्ये प्लेग पसरवत होती ती हीच पिसू. मुंबईत प्लेगची लस तयार करणारे डॉ. हाफकिनही ज्यूच होते, जाता जाता सांगायला हरकत नाही.

चार्ल्सनं जमवलेल्या पिसवांचा संग्रह लंडनच्या निसर्ग संग्रहालयात गेला. त्याची मुलगी मिरियम रॉथशिल्ड हिनं आयुष्यातली कित्येक वर्षं घालवून त्याची सूची केली. मायरच्या मृत्युपत्रानं मुलींना पेढीच्या वह्या बघू दिल्या नव्हत्या. या मुलीनं पिसवांच्या वह्या लिहिल्या आणि घराण्याचं आडनाव शास्त्रात नेलं.

आणखी एक धागा मुंबईचाच. ससून डॉक, ससून हॉस्पिटल ज्यांच्या नावानं आहे त्या ससून घराण्याला 'पूर्वेचे रॉथशिल्ड' म्हणायचे. नुसतं म्हणण्यापुरतं राहिलं नाही. 1856 मध्ये मुंबईत जन्मलेल्या एडवर्ड ससूननं 1887 मध्ये पॅरिसच्या अलीन रॉथशिल्डशी लग्न केलं आणि दोन्ही घरं सोयरी झाली.

मग आज काय उरलंय?

नेपल्सची पेढी 1863 मध्ये बंद झाली. फ्रँकफर्टची 1901 मध्ये, कारण चालवायला मुलगा नव्हता आणि मायरचा नियम मुलींना हात लावू देत नव्हता. व्हिएन्नाची नाझींनी संपवली. लंडन आणि पॅरिसच्या शाखांमधून आजच्या वित्तसंस्था निघाल्या. त्या मोठ्या आहेत, पण जगातल्या सगळ्यात मोठ्या बँकांच्या पंक्तीत त्या बसत नाहीत. घराण्यातली माणसं श्रीमंत आहेत, हे खरं. एकोणिसाव्या शतकात त्यांच्याइतकं श्रीमंत युरोपात कुणी नव्हतं, हेही खरं. त्यांच्या धंद्यावर, सरकारांना दिलेल्या कर्जांवर टीका करायला भरपूर जागा आहे आणि इतिहासकारांनी ती केलीही आहे. पण फॉरवर्डला धंद्याशी देणंघेणं नसतं. त्याला फक्त आडनाव लागतं. 'रॉथशिल्ड' म्हटलं की 'ज्यू' म्हणायची गरज राहत नाही, वाचणाऱ्याला काय समजायचं ते समजतं. 1846 च्या पुस्तिकेपासून हेच चालू आहे.

युडेनगासं आता नाही. 1796 मध्ये फ्रेंचांच्या तोफांनी गल्लीचा मोठा भाग जळाला आणि ज्यूंना बाहेर राहायला मिळायला लागलं. उरलेली घरं एकोणिसाव्या शतकात पाडली. हिरव्या ढालीचं घर तेवढं रॉथशिल्डांची आठवण म्हणून ठेवलं होतं, ते दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यात गेलं. 1987 मध्ये फ्रँकफर्टमध्ये एका सरकारी इमारतीचा पाया खणताना जुन्या गल्लीतल्या घरांचे पाये सापडले. ते बुजवायचे की ठेवायचे यावरून शहरात मोठा वाद झाला. शेवटी त्यातल्या काही घरांचे पाये इमारतीच्या आत राखून 1992 मध्ये तिथं संग्रहालय उघडलं.

संग्रहालयाला लागूनच ते बाटोनश्ट्रासंचं जुनं कब्रस्तान आहे. मायर आम्शेल रॉथशिल्डचं थडगं तिथं आहे. कब्रस्तानाच्या भिंतीला बाहेरच्या बाजूनं ओळीनं लोखंडी ठोकळे बसवलेत, काडेपेटीपेक्षा थोडे मोठे, प्रत्येकावर एक नाव. नाझींनी मारलेल्या फ्रँकफर्टच्या ज्यूंची ही नावं, 11 हजारांहून जास्त. ॲन फ्रँकचंही त्यात आहे, तिचा जन्म याच शहरातला. नावं आडनावाप्रमाणे लावलेली आहेत. आडलर, ओपेनहाइमर, रॉथशिल्ड, शिफ, श्ट्राउस. येणारे-जाणारे ठोकळ्यांवर छोटे खडे ठेवून जातात.